वाटीचे ग्रॅम: लोणचं-चटणीच्या मापांच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण: समुद्रपूर तालुका, जिल्हा वर्धा. बचत गटाचं काम, तीन घरांची तीन स्वयंपाकघरं. माल: कैरीचं लोणचं, जवसाची चटणी, काळा मसाला. पाककृती सगळ्या वाटी, चमचा, मूठ, चिमूट अशा मापांत. त्या ग्रॅमवर आणायच्या, म्हणजे तिन्ही घरांचा माल एका चवीचा निघेल आणि दोन किलोचं लोणचं चाळीस किलोवर नेता येईल.

३ मे

आधी वाट्याच मोजल्या. तीन घरांतून रोजच्या वापरातली एकेक स्टीलची वाटी आणली. कोरडी वाटी काट्यावर ठेवून शून्य केलं, काठोकाठ पाणी भरलं, वजन घेतलं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यातही एका टक्क्याहून कमीच फरक पडतो, तो सोडून दिला. पण पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं आणि त्यात दोन-तीन ग्रॅम जास्तीचे येतात. म्हणून काचेचा सपाट तुकडा काठावरून सरकवला, फुगलेलं पाणी सांडलं, बाहेरून वाटी पुसली, मग आकडा लिहिला.

निघालेले आकडे: १२८, १५० आणि १७३ मिली. तिन्ही घरांत तिला ‘वाटी’च म्हणतात. लहान आणि मोठीत ४५ मिलीचा फरक, म्हणजे लहानीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

इंटरनेटवरचे तक्ते इथेच बाद झाले. ते कपाचे असतात. अमेरिकी कप साधारण २४० मिली, मेट्रिक कप २५०. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०. तक्त्यात ‘एक कप मीठ २९० ग्रॅम’ असतं. आपल्या पाककृतीतल्या ‘दोन वाट्या’ तिथे टाकल्या तर दोन किलो कैरीला ५८० ग्रॅम मीठ होतं. ते लोणचं कुणी तोंडात धरणार नाही.

पुढच्या सगळ्या मोजणीला मधली, १५० मिलीची वाटी ठरवली. बुडाशी पंचने खूण केली. रंगाची खूण घासणीने जाते.

५ मे

वाटी भरायची कशी, यावर अख्खा दिवस गेला आणि जायलाच हवा होता.

पद्धती चार: सपाट (भरून सुरीच्या पाठीने काठावरून ओढणे), शिगोशीग, ठोकून (ओट्यावर दहा वेळा आपटून पुन्हा भरणे) आणि दाबून. तीन जिन्नस सपाट आणि शिगोशीग भरले, १५० मिलीच्या वाटीत:

मोहरी: सपाट १०२ ग्रॅम, शिगोशीग १२४.
खडे मीठ: सपाट १५२, शिगोशीग १९६.
तिखट, मोकळं: सपाट ६६, शिगोशीग ९०.

शीग सगळ्यांची सारखी चढत नाही. मोहरी गोल, घरंगळते, तिची शीग बुटकी राहते: सपाटीपेक्षा २२ टक्के जास्त. मिठाचे खडे एकमेकांत अडकतात: २९ टक्के. तिखट चिकटून उभं राहतं: ३६ टक्के. म्हणजे ‘सगळं शिगोशीग घ्यायचं’ असं ठरवलं तरी प्रमाण जागेवर राहत नाही, तिखटाचं पारडं वर जातं. चमच्यात हे आणखी वाढतं. चमचा उथळ, त्यामुळे वरची शीग कधीकधी आतल्या मापाएवढीच होते. ‘एक चमचा तिखट’ कुणाचं अडीच ग्रॅम निघतं, कुणाचं पाच, ते यामुळे.

ठोकून घेतलेलं तिखट ८४ ग्रॅम भरलं, मोकळं ६६. कांडपावरून नुकतं आलेलं तिखट गरम असतं, त्यात हवा भरलेली असते. तेच डब्यात दोन दिवस बसलं की खाली दबतं. वाटी तीच, हात तोच, तिखट आजचं की परवाचं एवढ्यावर पाव हिस्सा इकडेतिकडे होतो. म्हणून तक्त्यात तिखट-हळदीला दोन आकडे ठेवले, मोकळं आणि ठोकून.

८ मे

आज फक्त मीठ. लोणचं टिकणं-नासणं याच एका वाटीवर आहे.

सपाट भरलेली १५० मिलीची वाटी: पुडीतलं बारीक आयोडीनचं मीठ १८४ ग्रॅम, मिक्सरमध्ये फिरवलेलं खडे मीठ १६९, नुसतं खडे मीठ १५२. दोन किलो फोडींना दोन वाट्या धरल्या तर बारीक मीठ ३६८ ग्रॅम, म्हणजे फोडींच्या १८ टक्क्यांवर, आणि खडे मीठ ३०४, म्हणजे १५ टक्के. १२८ मिलीच्या वाटीने खडे मीठ २६० ग्रॅमच भरतं, १३ टक्के. पाककृतीचा कागद तिन्ही घरांत एकच, तरी एका घरचं लोणचं खारट आणि दुसऱ्या घरच्या बरणीला दिवाळीआधी वर पांढरा थर. मसाल्याला आणि हाताला दोष देण्यात अर्थ नाही, दोन्ही बरण्यांतलं मीठच वेगळं आहे.

टक्का कशाचा, हेही लिहून ठेवलं पाहिजे. मीठ तेलात विरघळत नाही, ते कैरीच्या पाण्यात जातं. तेल कितीही ओतलं तरी त्या पाण्यातला खारेपणा बदलत नाही. म्हणून मिठाचा हिशेब तयार लोणच्याच्या एकूण वजनावर धरायचा नाही, चिरलेल्या फोडींवर धरायचा. फोडींचं वजन धुऊन, पुसून, बाठ्याच्या आतली कोय काढून झाल्यावर आणि मीठ लावायच्या आधी. रात्रभर मीठ लावून पाणी सुटलेल्या फोडी मोजल्या तर आकडा खोटा येतो.

१२ मे

तक्ता पूर्ण केला. प्रत्येक जिन्नस पाच वेळा भरून मोजला आणि सरासरी घेतली. पाचांत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतला फरक सरासरीच्या पाच टक्क्यांपेक्षा मोठा निघाला, तर त्या जिन्नसापुढे फुली. फुली म्हणजे हा वाटीने कधीच मोजायचा नाही.

१५० मिलीची सपाट वाटी, ग्रॅममध्ये:

मोहरी १०२
मोहरीची डाळ ९३
मेथीदाणा ११२
जिरं ६६ (फुली)
धने ५१ (फुली)
बडीशेप ६० (फुली)
तीळ ९२
जवस, कच्चे १०३
फल्लीदाणे (शेंगदाणे) ९३
हळद, मोकळी ८४, ठोकून १०४ (फुली)
तिखट, मोकळं ६६, ठोकून ८४ (फुली)
साखर १२७
फल्लीतेल, थंड १३७
किसलेला गूळ, मोकळा ९२, दाबून १३८ (फुली, दोनदा)

मोहरी, मेथी, तीळ, साखर यांचे पाचही आकडे दोन-तीन ग्रॅमांत येतात. दाणा आखूड असला की कसाही ओता, सारखाच बसतो. जिरं-बडीशेप लांबट, काड्यांसारखी आडवीतिडवी पडतात, मध्ये पोकळी राहते आणि ती दर वेळी वेगळी. धने गोल असूनही फुलीत गेले, कारण पोत्यात अख्खे, फुटके आणि देठांचा कचरा असे तिन्ही असतात. गुळाबद्दल काय बोलावं! गुळाला वाटीचं माप ज्याने लावलं त्याने कधी गूळ किसला नसावा.

तेलापुढे ‘थंड’ मुद्दाम लिहिलं आहे. धूर येईस्तोवर तापलेलं तेल सुमारे दहा टक्के फुगतं. तापवून मग वाटीने घेतलं तर १३७ ऐवजी १२०-१२५ ग्रॅमच पडतं. तेल आधी मोजायचं, मग तापवायचं, पूर्ण निवू द्यायचं, मग लोणच्यात. पिशवी मोजून टाकणाऱ्यांनी पिशवीवरचं वजन वाचावं. एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं, पण दिसायला तेवढ्याच, आत कमी ग्रॅमच्या पिशव्याही दुकानात असतात.

१६ मे

तक्ता हातात आला तरी पाककृतीतली ‘वाटी’ नक्की कशी भरलेली, हे कळलेलं नव्हतं. विचारून कळतही नाही. सांगणारी सपाट म्हणते आणि हात शीग लावतो. म्हणून पद्धत उलटी केली. वाटी मोजायची सोडली आणि डबा मोजला.

तिखटाचा, मोहरीच्या डाळीचा, मिठाचा, हळदीचा, मेथीचा असा प्रत्येक डबा झाकणासकट आधी तोलून आकडा पाटीवर लिहिला. मग गटातल्या सगळ्यात जुन्या हाताला लोणचं घालायला बसवलं. सूचना एवढीच: “नेहमीसारखंच घाला माय, काट्याकडे पाहू नका.” उत्तर आलं, “वाटीले काय धाड भरली व बाई?” पण घातलं. झाल्यावर प्रत्येक डबा पुन्हा तोलला. आधीच्या आकड्यातून नंतरचा वजा केला की जे गेलं ते लोणच्यात गेलं. हाताला चिकटलेलं, वाटीच्या बुडाशी राहिलेलं, झाडून परत डब्यात टाकलेलं, सगळं त्यात आपोआप धरलं जातं.

तिखटाचा डबा आधी १,४८६, नंतर १,३६४. गेलं १२२ ग्रॅम. तोंडी माप ‘दीड वाटी’ होतं.

मिठाचं मात्र जुळेना. सांगितलेल्या दोन वाट्या, वाटी १२८ मिलीची, म्हणजे २६० ग्रॅम जायला हवं होतं. डबा सांगत होता ३०३. नीट पाहिल्यावर दिसलं: दोन वाट्या सपाट पडल्या, मग फोडी एकदा हलवल्या आणि डब्यात पुन्हा हात जाऊन वरून एक मूठ. कागदावर ही मूठ कधीच नव्हती, कारण ती घालणारीच्या लेखी ते माप नाही, ‘वरून’ आहे. मूठ वेगळी तोलली, चार वेळा: ४१, ४७, ४४, ४२ ग्रॅम. दोन किलो फोडींना दोन टक्क्यांवर मीठ त्या मुठीतून येत होतं. कागद पाहून करणाऱ्या घरी ते येत नव्हतं.

हीच तोलणी आणखी दोन दिवस केली. मीठ ३०३, २९६, ३०९. डोळ्यांच्या मापाला नावं ठेवू नयेत. हात पक्का आहे, कागद अर्धवट होता.

२० मे

फोडींचं वजन १०० धरून सगळं टक्क्यांत मांडलं. तीन तोलण्यांची सरासरी, अर्ध्या टक्क्याला जुळवून:

फोडी १००, खडे मीठ १५, तिखट ६, मोहरीची डाळ ९, हळद २.५, मेथी १.५, हिंग ०.५, फल्लीतेल २०. बेरीज १५४.५.

फायदा असा की फोडी किती निघाल्या तेवढंच पाहायचं. ३७ किलो ४०० निघाल्या तर मीठ ३७.४ गुणिले १५०, म्हणजे ५,६१० ग्रॅम. मोबाइलच्या गणकयंत्रावर होतं. ‘दोन किलोच्या वीसपट’ असं करत बसलं की वाट्या मोजताना अठ्ठाविसावी की एकोणतिसावी, यावर वाद होतो.

मीठ १५ च्या खाली न्यायचं नाही, असं ठरलं. बाकीचे आकडे चवीचे आहेत, ते कमी-जास्त होतील. हा टिकण्याचा आहे.

२७ मे

काटे. मोठा काटा दुकानी, प्लेटवर लिहिलेलं: मॅक्स ३० किलो, मिन १०० ग्रॅम, ई ५ ग्रॅम. वाचायचं असं: पाच-पाच ग्रॅमच्या पायरीने मोजतो आणि १०० ग्रॅमच्या खालचं काही यावर तोलू नका. लहान काटा ५०० ग्रॅमचा, ०.१ ग्रॅमची पायरी. हिंग, मेथी आणि मसाल्याच्या बारीक वस्तू त्यावर.

चुका सापडल्या त्या अशा:

सारवलेल्या जमिनीवर मोठा काटा एका कोपऱ्यावर डुलत होता. त्यातला पाणसळीचा बुडबुडा मध्ये आल्याशिवाय आकडा धरायचा नाही. फरशीचा तुकडा खाली घातला, पाय फिरवून बुडबुडा आणला.

समोर कूलर चालू असला की लहान काट्याचा आकडा स्थिर होत नाही आणि तिखट उडतं ते वेगळंच. शिवाय कूलरच्या ओल्या हवेत उघडं मीठ ओलसर होतं. तोलताना कूलर बंद. मे महिन्यात हा नियम कुणाला आवडला नाही.

लहान काट्यावर चिमटी-चिमटीने हिंग टाकत गेलं तर आकडा हलतच नाही. फार हळू वाढणारं वजन काटा स्वतःच्या शून्याचं सरकणं समजून शून्यात जिरवतो. त्यावर उपाय म्हणजे आधी वाटीत टाकायचं आणि वाटी उचलून पुन्हा ठेवायची.

सेल उतरले की काटा बंद पडायच्या आधी चुकीचे आकडे दाखवतो. रोज सकाळी किराणा दुकानातलं शिक्क्याचं २०० ग्रॅमचं वजन ठेवून पाहायचं आणि आकडा वहीत लिहायचा.

६ जून

पहिला मोठा घाणा. फोडी ४० किलो. मीठ ६ किलो, तिखट २,४००, मोहरीची डाळ ३,६००, हळद १ किलो, मेथी ६००, हिंग २००, तेल ८ किलो (९१० ग्रॅमच्या पावणेनऊ पिशव्या). सगळं तीन कोपरांत (मोठ्या परातींत) कालवलं आणि गंजांत (उभट पातेल्यांत) भरून गंजासकट तोललं. गंजांची वजनं आधीच लिहिलेली होती.

यायला हवं ६१.८ किलो. आलं ६१.१. सातशे ग्रॅम कमी. कोपरांना, हातांना चिकटून शे-दीडशे जातं, सातशे नाही. यादी वरून खाली पाहिली आणि सहाशेच्या जवळचा एकच आकडा होता, मेथी. ती भाजून निवायला कढईत ठेवलेली, तिथेच राहिली होती. कुटून घातली.

शेवटची बेरीज तोलण्याला दहा मिनिटं लागतात. वाटीच्या मापात ही तपासणीच शक्य नाही: छत्तीस वाट्या तिखट, चाळीस वाट्या मीठ आणि चाळीस किलो कैरी यांची बेरीज वाट्यांत करणार कशी?

१४ जून

जवसाची चटणी. अडचण वेगळी. पाककृतीत ‘जवस दोन वाट्या’. कच्चे, भाजलेले की कुटलेले? कच्चे १०३ ग्रॅम असलेली वाटी मंद आचेवर तडतडेस्तोवर भाजली की ९८ वर येते, ओलावा जातो. तीच कुटली की दीड वाटी दिसते, कारण कूट फुगीर असतं, वाटीला ६८ ग्रॅमच. दोन घरं कच्चे मोजत होती, एक घर कूट. कूटवाल्या घरी जवस तिसऱ्या हिश्शाने कमी, मीठ-मिरची तेवढीच. त्यांची चटणी झणझणीत आणि खारट, आणि ‘तुमच्या मिरच्याच तिखट’ असं सगळ्यांचं ठरलेलं होतं.

आता तक्त्यात जिन्नसाच्या नावापुढे अवस्था लिहिल्याशिवाय आकडा नाही. कच्चे जवस १००, देठ काढलेली सुकी मिरची १२, सोललेला लसूण १०, बारीक मीठ ६, जिरं ३. लसणाला ‘एक गड्डा’ हे माप बंद, गड्डा वीस ग्रॅमचाही असतो आणि साठचाही.

२४ जून

काळ्या मसाल्यातल्या नगावर मोजायच्या वस्तू. ‘वीस लवंगा’ तोलल्या तर पावणेदोन ग्रॅम, एवढं थोडं वजन लहान काट्यावरही नेमकं येत नाही. म्हणून शंभर मोजून तोलल्या: ८.५ ग्रॅम, म्हणजे एक लवंग ०.०८५. बारीक वस्तूंना हीच रीत. चमच्यालाही तीच: एक चमचा तोलू नका, दहा सपाट चमचे तोला आणि दहाने भागा. पाच मिलीच्या चमच्याचे आकडे असे आले: बारीक मीठ ६, हळद ३, तिखट २.५, मेथी ३.७, जिरं २.२, तेल ४.६.

दगडफुलाचं ‘मूठभर’ ६ ग्रॅम निघालं, दुसऱ्या मुठीत ११. पुढे काही न लिहिता फुली मारली.

५ जुलै

पाऊस लागला. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाणी ओढतं. उघड्या पोत्यातलं ५०० ग्रॅम खडे मीठ कढईत मंद आचेवर परतून पाहिलं, ४८१ उरलं. जवळपास चार टक्के पाणी. सहा किलो तोललं तर सव्वादोनशे ग्रॅम पाणीच तोललं जातं. म्हणजे वजनही फसवतं, वाटीइतकं नसलं तरी. आता मीठ आदल्या दिवशी परतून, निववून, झाकणाच्या पिंपात ठेवायचं आणि तोलायचं ते त्यातूनच.

तिखटाच्या गुठळ्या झाल्या होत्या. वाटीत कमी भरतं, काट्यावर फरक दिसत नाही. चाळून घेतलं ते फक्त कालवायला सोपं जावं म्हणून.

१५ जुलै

चटणीची २०० ग्रॅमची पाकिटं आतापर्यंत वाटीने भरली जात होती. वीस पाकिटं तोलली: १८१ पासून २१९ पर्यंत. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांत घन आणि अर्धघन मालाचं निव्वळ वजन पाकिटावर लिहावं लागतं आणि आतही ते भरावं लागतं. भरताना फुगीर दिसलेलं पाकीट मोटरसायकलवर हिंगणघाटला पोचेपर्यंत खाली बसतं, गिऱ्हाइकाला अर्धं वाटतं. आता रिकामं पाकीट काट्यावर, शून्य, मग २०१ ग्रॅमवर थांबायचं. २०१ यासाठी की सील करताना तोंडाशी अडकलेली चटणी पुसावी लागते.

टक्क्यांचा कागद प्लास्टिक लावून तिन्ही घरांत भिंतीला. पंचच्या खुणेची वाटी मिठाच्या पिंपात ठेवली आहे, उपसायला.

बाकी: उन्हाळ्याच्या आधी नवी भिवापुरी मिरची कांडून आली की तिखटाची ओळ पुन्हा मोजायची. वायगावच्या हळदीचं नवं पोतं उघडलं की हळदीचीही.